पट्टी आणि राग: हातोडीची कसोटी

भिवंडी तालुक्यातल्या कुठल्याही गावी भजनाला जाऊन बसा, पहिला प्रश्न रागाचा निघत नाही. "बुवा, काळी एक की दोन?" एवढंच पेटीवाला विचारतो. उत्तर येईपर्यंत भाता हलू लागलेला असतो आणि पखवाजवाला डाव्या तोंडाला कणीक थापत असतो. हाच प्रश्न कामतघरच्या किंवा धामणकर नाक्याकडच्या एखाद्या कीबोर्ड क्लासात गेला की त्याचं रूप पालटतं. मुलगा विचारतो, "सर, हे गाणं कुठल्या स्केलमध्ये आहे?" सर सांगतात, "सी शार्प मायनर." मुलाला वाटतं, एक उत्तर मिळालं. मिळालेली असतात दोन. 'सी शार्प' म्हणजे सा काळी एकवर ठेवायचा. 'मायनर' म्हणजे त्या सापासून गंधार, धैवत आणि निषाद कोमल घ्यायचे. पहिल्या उत्तराला आपल्याकडे पट्टी म्हणतात. दुसऱ्याच्या जवळ जाणारी आपली गोष्ट म्हणजे थाट, आणि थाटाच्या पुढे जाऊन राग.

ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळली की नको ते उपाय सुरू होतात. वरच्या सुरांत आवाज फाटतो तेव्हा 'हा राग आपल्याला झेपत नाही' असं म्हणून गाणंच सोडून दिलं जातं. तिथे पट्टी दोन सुरांनी उतरवली असती तर काम झालं असतं. उलट कोमल गंधाराच्या जागी शुद्ध लागत असतो आणि मंडळी पट्टी खालीवर करत बसतात. पेटी, कीबोर्ड, कराओके किंवा भजनी मंडळ यांपैकी कशाशीही ज्यांचा संबंध येतो त्यांनी हा गुंता एकदा बसून सोडवावा. त्याला पेटी आणि मोबाइलवरचा तानपुरा एवढंच सामान पुरतं.

आधी मोजणी. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या स्वरपट्ट्या. दोन काळ्यांच्या जोडीच्या डाव्या अंगाला असते ती पांढरी एक, म्हणजे पाश्चात्त्यांचा सी. तिथून पांढरी दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळ्यांमध्ये एक म्हणजे सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर इंग्रजी अक्षरं असतात, म्हणून हे पाठ असलेलं बरं. पुरुषाची काळी एक घेतली तर त्याचा मध्य सा सुमारे १३९ हर्ट्झवर येतो. बाईंची काळी पाच घेतली तर सुमारे २३३वर.

पट्टी कुठली आणि राग कुठला हे ओळखायला तबलजीच्या हाताकडे बघा. पट्टी बदलली की त्याला हातोडी उचलावी लागते. गट्टे ठोकून तबला नव्या सावर आणावा लागतो, आणि फरक मोठा असेल तर तबलाच बदलावा लागतो. म्हणूनच ऑर्केस्ट्रातला तबलजी शेजारी दोन-तीन तबले मांडून बसतो. राग बदलला तर हातोडी पिशवीत राहते. शास्त्रीय मैफल आठवा: यमन झाला, बागेश्री झाला, शेवटी भैरवी झाली, पण तबला संध्याकाळभर त्याच सावर. फार तर तानपुऱ्याची पहिली तार हलते. यमनला ती पंचमावर असते. मालकंसात पंचम नाही म्हणून मध्यमावर येते. मारव्यात पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, म्हणून निषादावर. सा-च्या तारांना कोणी हात लावत नाही.

आगरी लग्नातले धवले ऐकलेत तर हा फरक वाद्याशिवायही कळतो. धवलारीण सूर उचलते, बाकीच्या तिच्या मागून म्हणतात, साथीला काही नाही. तिचा आवाज त्या दिवशी कसा लागलाय त्यावर पट्टी ठरते. एका मांडवात ती काळी चारच्या जवळ असेल, पुढच्या मांडवात पांढरी पाचच्या. धवला तोच, चाल तीच. कुठल्याही नवऱ्या मुलीच्या आईने आजवर 'तुमचा धवला अर्ध्या सुराने उतरला' अशी तक्रार केलेली नाही.

काळ्या पाचांचा प्रयोग

आता पेटी पुढ्यात घ्या. पांढऱ्यांना अजिबात हात लावायचा नाही. फक्त पाच काळ्या.

मोबाइलच्या तानपुऱ्यावर एफ शार्प लावा, म्हणजे सा काळी तीनवर. तिथून वर जा: काळी तीन, चार, पाच, मग पुढच्या सप्तकातली काळी एक, काळी दोन, आणि परत तीन. हा सा रे ग प ध सा झाला, म्हणजे भूपाचे स्वर. थोडा वेळ त्यातच फिरा. गंधारावर थांबा, धैवतावरून पंचमाला या.

आता बोटं त्याच पाच काळ्यांवर ठेवून फक्त तानपुरा बदला. ए शार्प लावा, म्हणजे काळी पाचला सा माना. तानपुऱ्यात पंचमाच्या जागी मध्यम लावायला विसरू नका. आता काळी पाचपासून काळी पाचपर्यंत वाजवा. काळी एक झाली कोमल गंधार, दोन झाली मध्यम, तीन कोमल धैवत, चार कोमल निषाद. मालकंस! एकही स्वरपट्टी बदललेली नाही, तरी संध्याकाळच्या अंगणातून उठून मध्यरात्रीत येऊन बसल्यासारखं होतं.

पुढचे तीन थांबे असे. सा काळी चारवर ठेवला तर सा रे म प कोमल नी, म्हणजे मध्यमाद सारंगाचे किंवा मेघाचे स्वर. सा काळी एकवर ठेवला तर सा रे म प ध, दुर्गा. सा काळी दोनवर ठेवला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानी. पाच स्वरपट्ट्या, पाच सा, पाच घरं. या सरकण्याला आपल्या ग्रंथांनी मूर्च्छना म्हटलंय. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्राम आणि मध्यमग्राम या दोन ग्रामांच्या प्रत्येकी सात अशा चौदा मूर्च्छना सांगितल्या आहेत.

हा प्रयोग करताना तानपुरा बंद ठेवलात तर काहीच घडणार नाही. नुसत्या काळ्या वाजवत राहिलात तर कान आपणच एखाद्या सुराला सा ठरवून टाकतो, बहुधा भूपाचाच, आणि मग पाचही वेळा भूपच ऐकू येतो. सा कुठे आहे हे कोणीतरी सतत सांगत राहिलं पाहिजे. तानपुऱ्याचं काम तेच. ज्या कीबोर्ड क्लासात तानपुरा वाजत नाही तिथल्या मुलांना डोरियन आणि मेजर (ही नावं पुढे येतीलच) यांतला फरक वर्षानुवर्षं कळत नाही, यात मुलांचा दोष मी धरत नाही.

भिवंडीत हाच प्रयोग आणखी एका तऱ्हेने करता येतो. पद्मानगरातल्या एखाद्या पद्मशाली शेजाऱ्याला कर्नाटक संगीताचं अंग असेल तर त्यालाही बोलवा. तो याच पाचांना मोहनम, मध्यमावती, हिंदोळम, शुद्ध सावेरी आणि शुद्ध धन्यासी म्हणेल. मूर्च्छनेला तो ग्रहभेदम् म्हणेल आणि पट्टीला श्रुती. एक खबरदारी घ्या: त्याचा हिंदोळम म्हणजे आपला मालकंस. आपला हिंडोल निराळा, त्यात मध्यम तीव्र. नावावरून गेलात तर दोघंही आपापल्या जागी बरोबर असून भांडण व्हायचं.

मैफलीतही हे तत्त्व उतरलंय. पंडित जसराज यांनी मांडलेल्या 'जसरंगी'त गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत, आपापला राग एकाच वेळी गातात, आणि तरी दोघांचे सूर एकमेकांत बसतात. संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांनी हा प्रकार अनेकदा सादर केलाय. अभोगी आणि कलावती ही त्यातली एक जोडी. पेटीवर बघा: पांढरी एकला सा धरून अभोगीचे सा, रे, कोमल ग, म, ध वाजवा. आता त्याच पाच स्वरपट्ट्या पांढरी चारला सा मानून ऐका. सा, ग, प, ध, कोमल नी. कलावती.

पांढऱ्यांवरचे सहा थाट

काळ्यांवर हात बसला की पांढऱ्यांकडे या. इथे सात स्वर आहेत, म्हणजे पाश्चात्त्यांचे मोड आणि आपले थाट समोरासमोर ठेवता येतात. पांढरी एकपासून सगळ्या पांढऱ्या वाजवल्या की बिलावल. ते त्यांचा आयोनियन म्हणतात, रोजच्या भाषेत मेजर. पांढरी दोनपासून काफी, म्हणजे डोरियन. तीनपासून भैरवी, म्हणजे फ्रिजियन. चारपासून कल्याण, लिडियन. पाचपासून खमाज, मिक्सोलिडियन. सहापासून आसावरी, एओलियन, म्हणजेच नेहमीचा मायनर. सातवर गाडी अडते. तिथून निघालं की पंचमच सापडत नाही, त्याच्या जागी तीव्र मध्यम येतो. त्याला ते लोक्रियन म्हणतात आणि तेही त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत.

कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांचा ठरलेला प्रश्न इथेच येतो: डी डोरियन आणि सी मेजर यांच्या स्वरपट्ट्या सारख्याच आहेत, मग दोन नावं कशाला? डाव्या हाताने पांढरी दोन आणि पांढरी सहा दाबून धरा आणि उजव्याने पांढऱ्यांवर फिरा. काफी ऐकू येईल. डावा हात पांढरी एक आणि पाचवर आणा, बिलावल होईल. डी डोरियन म्हणजे पांढरी दोनच्या पट्टीतला काफी, एवढं वहीत लिहून ठेवा. आणि डी मायनर? तीही पांढरी दोनचीच पट्टी, पण थाट आसावरी. धैवत शुद्धाचा कोमल झाला, म्हणजे पांढरी सातऐवजी काळी पाच. डी डोरियन आणि डी मायनर यांत पट्टी एक, थाट दोन. डी डोरियन आणि डी शार्प डोरियन यांत थाट एक, पट्ट्या दोन. सी मेजर आणि डी डोरियन यांत पट्टीही वेगळी आणि थाटही वेगळा, फक्त बोटांखालच्या स्वरपट्ट्या सारख्या. गोंधळ जो होतो तो याच तिसऱ्या जोडीत.

आपल्याकडे थाट दहा. मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले आणि पेशाने वकील असलेले विष्णू नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी दक्षिणेतल्या बहात्तर मेळांची व्यवस्था डोळ्यांपुढे ठेवून उत्तरेच्या रागांसाठी हे दहा निवडले आणि मराठीतून त्यांची सविस्तर मांडणी केली. त्यांतले सहा वर पांढऱ्यांवर सापडले. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार कुठूनही सुरुवात केली तरी नुसत्या पांढऱ्यांवर मिळत नाहीत. म्हणून 'थाट म्हणजे आपले मोड' हे वाक्य सहा थाटांपुरतं चालतं. मोडच्या तक्त्यात तोडी शोधत बसलेला विद्यार्थी वेळ वाया घालवतो.

राग तर थाटाच्याही पलीकडे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच, पट्टी तीच ठेवता येते. तरी भूपात वादी गंधार आणि चलन पूर्वांगात, देशकारात वादी धैवत आणि सारा जोर वरच्या अंगाला. 'भाभी की चूड़ियाँ' (१९६१) मधलं सुधीर फडक्यांचं 'ज्योति कलश छलके' भूपातलं की देशकारातलं यावर जाणकार आजही वाद घालतात, आणि मला तो वाद चालू राहिलेला आवडतो. आपल्या कामापुरतं एवढं पुरे की राग ठरवायला स्वरांची यादी अपुरी पडते, आणि पट्टीचा तर त्यात काहीच भाग नसतो. भातखंडे पद्धतीच्या स्वरलेखनात पट्टी लिहितच नाहीत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मात्रा, सम, खाली. ते पान काळी एकलाही लागू आणि पांढरी पाचलाही. पाश्चात्त्य पाच रेघांच्या लिपीत मात्र प्रत्येक खूण एका ठरावीक स्वरपट्टीची असते. एकाच घरात थोरली गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका देत असेल आणि धाकटा कीबोर्डच्या ग्रेडची परीक्षा, तर दोघांच्या वह्यांचा हा मूळ फरक आईवडिलांनी समजून घ्यावा. थोरलीच्या वहीतला 'सा' आणि धाकट्याचा 'सी' एक नव्हेत.

पेटीवरचे सूर समान अंतराने बसवलेले असतात, त्यामुळे मूर्च्छना करताना एखादा गंधार किंचित चढा वाटेल. चांगल्या गवयाच्या कानाला तो टोचतो. आकाशवाणीने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली, त्यामागच्या आक्षेपांत हाही होता. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम केली ती याच अडचणीपायी. नवशिक्याने सध्या तिकडे जाऊ नये.

आपली पट्टी, गाण्याची पट्टी

आता रोजच्या उपयोगाचं.

स्वतःची पट्टी शोधताना सकाळी उठल्या उठल्या बसू नका. तेव्हा आवाज खाली बसलेला असतो आणि उत्तर चुकीचं येतं. दिवस वर आल्यावर तानपुरा लावून खाली मंद्र पंचमापर्यंत जा. तो नुसता घशात घुरघुरता कामा नये, भरीव लागला पाहिजे. मग वर तार गंधार, जमलं तर तार पंचम. दोन्ही टोकं जिथे न ओढता लागतात ती तुमची पट्टी. पुरुषांची साधारण काळी एक, पांढरी दोन, काळी दोन या पट्ट्यांत कुठेतरी येते. बायकांची काळी चार-पाचच्या आसपास. ही सर्वसाधारण चाल झाली, नियम नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर त्या काळात पट्टी दर काही महिन्यांनी पुन्हा तपासा आणि पूर्वीच्या उंच पट्टीचा हट्ट सोडा. पट्टी उंच म्हणजे गाणं मोठं, हा समज भजनाच्या बाऱ्यांमधून पसरलाय. त्यापायी कितीतरी चांगले गळे बसले.

स्वतःची पट्टी एक आणि गाण्याची पट्टी दुसरी असू शकते. चाल कुठवर पोचते यावर ते ठरतं. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे पहिल्या ओळीवरून पट्टी ठरवणं. पहिली ओळ बहुधा मध्यसप्तकात आरामात असते. खरी परीक्षा अंतऱ्यात. म्हणून आधी अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर गुणगुणा, तो आरामात लागेल तिथे ठेवा आणि तिथून खाली मोजत सापर्यंत या. गणपतीतल्या आरतीचं दरवर्षी जे होतं ते याच कारणाने. कोणीतरी जोशात वरच्या सुरात उचलतो, तिसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी मंडळी एक सप्तक खाली उतरलेली असतात आणि झांजांचा आवाज सगळं झाकतो. पेटी नसेल तर मोबाइलवर सा ऐकवून सुरुवात करा. कोणाला वाईट वाटत नाही.

बायका आणि पुरुष एकत्र गाणार असतील तर पेटीवाल्यांचा एक जुना तोडगा आहे: "मध्यमातून घ्या." पुरुषांची काळी एक चालू आहे. बाईंना ती फार खाली पडते. तेव्हा काळी एकचा मध्यम, म्हणजे काळी तीन, हा बाईंचा सा करायचा. तानपुऱ्याची पहिली तार मध्यमावर लावलेली असेल तर तानपुरा बदलावा लागत नाही: काळी तीन आता सा झाली आणि काळी एक तिचा पंचम. ठुमरी-भैरवी गाणारे एकटे गायकही मध्यमाला सा करून गातात. हातोडीची कसोटी इथेही खरी ठरते; बोलताना कोणी 'पट्टी बदलली' म्हणत नाही, पण सा हललाय, त्यामुळे तबलजीला नव्या सावर जावंच लागतं. सांगायचं राहिलं तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कराओकेवर जे अधिक-उणेचे आकडे असतात ते अर्ध्या सुरांचे, म्हणजे शेजारच्या स्वरपट्टीचे. मूळ गाणं काळी एकचं आणि तुम्हाला काळी चार हवी, तर सात वर किंवा पाच खाली. दोन्हीकडून काळी चारच येते. आकडा लहान ठेवला तर वाद्यांचा आवाज कमी बिघडतो, म्हणून उणे पाच घ्या. या बटणाने पट्टी बदलते, राग नाही. बिलावल अंगाचं गाणं कितीही खाली ओढा, त्याची आसावरी होणार नाही.

गाणं ऐकून त्याचा सा कसा ओळखायचा? ध्रुपद संपल्यावर मन जिथे टेकतं तो सूर गुणगुणत राहा आणि पेटीवर शोधा. तो सापडला की तानपुरा त्यावर लावून गाणं पुन्हा ऐका. सगळं बसलं तर पट्टी मिळाली. मग तिथून गंधार, निषाद, धैवत, ऋषभ शुद्ध की कोमल आणि मध्यम शुद्ध की तीव्र एवढ्या पाच गोष्टी तपासा. थाट हातात येतो. 'बैजू बावरा' (१९५२) मधलं नौशाद यांचं 'मन तरपत हरि दर्शन को आज' घेऊन हे करून बघा. मालकंस स्वच्छ आहे, फसायला होत नाही. सुरुवातीला मारव्याच्या वाटेला जाऊ नका. तिथे सा इतका टाळतात की मन टेकायला जागाच मिळत नाही आणि नवशिका धैवतालाच सा समजून बसतो.

भिवंडीपुरती एक भर. यंत्रमागांची खडखड सुराच्या आड फारशी येत नाही. ती लय आहे, कानाला तिची सवय होते. आड येते ती डीपीची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींवर गुणगुणतो. १०० म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. २०० म्हणजे तीच वरच्या सप्तकात. आता काळी चारला गाणाऱ्या बाईंचा सा आहे सुमारे २०८ हर्ट्झ. दोहोंत अंतर दोन शेजारच्या स्वरपट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळपास दोन-तृतीयांश, म्हणजे धड शेजारचाही सूर नाही आणि तोही नाही. खिडकीखाली डीपी असेल आणि रियाजात सा सारखा खाली ओढला जात असेल तर आधी खोली बदलून बघा, गळ्याला दोष नंतर द्या. खराब अर्थिंगच्या स्पीकरमधून येणारी गुणगुणही याच घराण्यातली.

वहीत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर दोन गोष्टी लिहा: पट्टी आणि राग किंवा थाट. 'काळी दोन, भीमपलास.' 'पांढरी चार, खमाज.' राग सापडला नसेल तर निदान कोमल-तीव्र स्वर लिहा. दुसऱ्या गायकासाठी पट्टी बदलली तर पहिली खोडू नका, शेजारी त्याच्या नावासकट दुसरी लिहा. पुढच्या सप्ताहाला विचारत बसावं लागत नाही.

आणि पेटी घेताना स्केलचेंजर घ्यावी का, हे सगळेच विचारतात. तिच्यात स्वरपट्ट्यांची सगळी फळी सरकते, त्यामुळे बोटं पांढरी एकचीच ठेवून आवाज काळी दोनचा काढता येतो. रोज वेगवेगळ्या गायकांना साथ करणाऱ्याला ती सोयीची. शिकणाऱ्याने मात्र साधी पेटी घ्यावी. ती हलकी आणि स्वस्त असते, बिघडतेही कमी. तिच्यावर बिलावलाचा आरोह-अवरोह आधी पांढरी एकवरून, मग काळी एकवरून बसवावा: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच, वरची पांढरी एक, वरची काळी एक. नंतर पांढरी चार, नंतर काळी पाच. या चार पट्ट्यांत दहाही थाट बोटांना सापडू लागले की मग स्केलचेंजरचा विचार करायला हरकत नाही.